मामांचा वर्ग

"दोनच दिवस सांभाळा, मामा," असं मोठ्या बाई म्हणाल्या आणि शिपाईमामांनी मान डोलावली. तिथंच सगळं फसलं.

शाळेच्या मागच्या खोलीत चौदा मुलं बसली होती. लढाईमुळे घरदार सोडून सीमेपलीकडून आलेली, गावाबाहेरच्या छावणीत राहणारी. त्यांना इथली भाषा शिकवायला खास बाई नेमल्या होत्या. त्या पहिल्याच दिवशी जिन्यावरून घसरल्या आणि पायाला प्लास्टर घालून घरी बसल्या. बदली बाई येईपर्यंत मुलांना खोलीबाहेर पळू द्यायचं नाही, एवढंच मामांचं काम. सव्वीस वर्षं दारात बसून काढलेल्या माणसाला त्यात काय अवघड? त्यांनी आपलं स्टूल उचललं आणि मागच्या खोलीच्या दारात नेऊन ठेवलं.

बदली बाई दोन दिवसांत आल्या नाहीत, दोन आठवड्यांतही आल्या नाहीत. मामांनी काही शिकवलं नाही. सातवी नापास माणूस शिकवणार काय? ते आपलं नेहमीचं काम तिथूनच करत राहिले. आलेल्या-गेलेल्याला अडवायचं, फोन घ्यायचा, नळ दुरुस्त करणाऱ्यावर खेकसायचं. मुलं टक लावून बघायची. सगळ्यांत धाकटी, दोन वेण्यांची सहा वर्षांची पोर, तर स्टुलाला खेटून बसायची आणि आपल्या भाषेत बडबडत राहायची. मामा तिला चिमणी म्हणायचे. मामांचे ओठ हलले की तिचेही हलायचे.

दोन महिन्यांनी पत्र आलं. तपासनीस बाई येणार होत्या. निम्म्या मुलांना साधं संभाषण जमलं नाही, तर वर्ग बंद आणि मुलं परत दिवसभर छावणीत.

तपासणीच्या आदल्या दिवशी मामांनी मुलांना उभं केलं आणि घोकून घेतलं, "माझे नाव अमुक आहे. मला शाळा फार आवडते." मुलांनी तोंडं अशी केली, जणू कुणी कडू औषध पाजतंय. तासाभरानं एक मुलगा कसाबसा म्हणाला, "माझे नाव अमुक आहे." मामांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. उंच, चष्मेवाल्या, हातात जाड वही. मागोमाग मोठ्या बाई. खोलीच्या दारात पाऊल ठेवणार, तोच चिमणी आडवी आली.

"ओ बाई! कोण पाहिजे?"

"मी तपासणीला आले आहे."

"आधी कळवलं होतं का?"

"हो. पत्र पाठवलं होतं."

"बरं. पाय पुसून या. आत्ताच फरशी पुसलीय."

तपासनीस बाईंनी मुकाट्यानं पाय पुसले. मामांना भिंतीत शिरावंसं वाटलं.

बाई पहिल्या बाकाजवळ गेल्या. "बाळ, तुझं नाव काय?"

"कशाला पाहिजे?" मुलानं विचारलं.

"वहीत लिहायला."

"मग नीट लिहा. मागच्या वेळी चुकवलं, निस्तरायला आम्हीच."

बाईंनी भुवया उंचावल्या. शेजारच्या मुलीकडे वळल्या. "तुला शाळेत काय आवडतं?"

"ते वर विचारा," मुलगी हात झटकत म्हणाली. "आम्ही हुकमाचे ताबेदार. आम्हाला कोण विचारतंय?"

"आणि समजा, आत्ता कुणी मोठ्या बाईंना भेटायला आलं, तर काय सांगाल?"

चौदा गळे एकदम उघडले. "बाई मीटिंगमध्ये आहेत!"

"वा!" मोठ्या बाई घाईघाईनं म्हणाल्या. "पुष्कळ झालं, आता चहा..."

"मीटिंग म्हणजे," चिमणी आवाज खाली आणून, मामा आणायचे अगदी तसाच, म्हणाली, "डुलकी."

मोठ्या बाई कानापर्यंत लाल झाल्या. मामा हात जोडून पुढे आले.

"बाई, यात पोरांचा काही दोष नाही. मला घरी बसवा हवं तर, पण यांचा वर्ग मोडू नका."

तपासनीस बाईंनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलत होते. हसू दाबायला त्यांना बराच वेळ लागला.

"मामा, वर्षापूर्वी मी छावणीत गेले होते. यातलं एकही मूल माझ्याशी बोललं नाही. ही पोर तर खाटेखाली जाऊन बसली होती. आज तिनं मला दारात अडवलं. आणखी कसलं संभाषण हवंय मला?" त्या वहीत लिहू लागल्या. "वर्ग चालू राहील. बाईही लवकर पाठवते."

"ते डुलकीचं तेवढं लिहू नका हं," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

आठवड्याभरात नव्या बाई आल्या, भरपूर तक्ते घेऊन. मामांचं स्टूल पुढच्या दारात परत गेलं. तिथं त्यांना भारी चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं.

एका दुपारी चिमणीची आई कसलासा कागद घेऊन आली. तिला इथलं अक्षरही येत नव्हतं. तिनं तिच्याच भाषेत काहीतरी विचारलं. नोंदवहीतून मान वर न काढता मामांनी उत्तर दिलं. सरळ जायचं, उजवीकडे वळायचं, दुसरी खोली. बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण बोललो ते तिच्या भाषेत. दोन महिने चिमणीची अखंड बडबड ऐकून ती भाषा कधी कानात जाऊन बसली, त्यांनाच कळलं नव्हतं.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग ओठ दाबून हसली, मग भिंतीला टेकून हसली, शेवटी डोळ्यांना बाही लावून हसली. हसण्याचा आवाज ऐकून चिमणी धावत आली.

"काय गं, काय चुकलं माझं?" मामा गोंधळून गेले.

चिमणीनं आईला विचारून घेतलं. "काही नाही चुकलं. पण तुम्ही म्हणालात, 'मी कित्ती शहाणी मुलगी! मी सांगते हं वाट!'"

मामांचा हात मिशीवर गेला. आई डोळे पुसत मुलीच्या कानात काहीतरी कुजबुजली.

"आई म्हणते, इथं आल्यापासून ती अशी हसली नव्हती," चिमणी म्हणाली. "पुन्हा बोला ना."

मामांनी व्हरांड्यात दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधी काढला नव्हता अशा नाजूक आवाजात ते बोलू लागले.