पाण्याच्या पुढं कोण चालणार?

पोकलेनला पोहता येत नाही.

पेढे उन्हात सहा तास टिकत नाहीत.

कोथरूडला पाणी नळातून येतं.

बुटात मासा शिरू शकतो. लहानसा.

ही चारही वाक्यं एकाच सोमवारची. मधल्या जागा मी भरतो, कारण नियोजनात माझा हात धरणारा अख्ख्या कंपनीत कुणी नव्हता!

नव्याण्णव साल. आयटीवाल्यांच्या इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांना खडी आम्ही पुरवत होतो. धायरीपलीकडच्या आमच्या खाणीनं जमिनीतले झरे तोडले. ते पाणी खडी धुण्यात संपायचं. खालच्या अंगाला सोनबा या शेतकऱ्याची विहीर कोरडी पडली, पेरूच्या शंभर झाडांनी माना टाकल्या. सोनबा आमच्या कोथरूडच्या कचेरीत आले.

"सोमवारी बारापत्तर हिरीत पानी दिसलं न्हाई, तर तुमचे ट्रक माझ्या रानातनं जानार न्हाईत."

रस्ता तेवढा एकच. ट्रक बंद म्हणजे खाण बंद, खाण बंद म्हणजे मी घरी!

"साहेब," मी कंपनीचे मालक अनंतराव यांच्यासमोर टेबलावर मूठ आपटली, "सोजरबाईंचं बारं विकत घ्या!"

बारं म्हणजे पाण्याची पाळी. ओढ्यावरच्या बंधाऱ्याचं पहिलं बारं तीन पिढ्या सोजरबाईंच्या घरात. त्यांचं रान भिजल्याशिवाय दुसऱ्या कुणी थेंब घ्यायचा नाही! बाई शेती सोडतच होत्या. कंपनीनं रानासकट बारं घेतलं. रानात जाणारं पाणी आता पाटानं सरळ सोनबांच्या विहिरीत. मी कॉम्प्युटरवर रंगीत तक्ता काढून खाणीच्या भिंतीवरही चिकटवला. सहाला पाणी सोडणे. आठला पाणी विहिरीत. सव्वाआठला पेढे.

सोमवारी सहाला सोजरबाई फावडं घेऊन बंधाऱ्यावर हजर.

"धरा."

"हे कशाला?"

"ज्याचं बारं त्यानं पान्याच्या म्होरं चालायचं. पाट बघत, काडीकचरा काढत. माझा सासरा चालला, मी चालले."

"बाई, पाणी उताराकडे जातं. तक्त्यात आहे."

"तक्ता चालनार का म्होरं?"

"अहो, बारं कंपनीचं आहे!"

"मग कंपनीला बोलवा. म्हनावं, बूट काढून ये."

मी बूट काढले नाहीत. पाणी सोडलं, स्कूटरला किक मारली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन रस्त्यानं विहिरीवर जाऊन बसलो.

आठ वाजले. नऊ वाजले. वऱ्हाड अडकलेल्या वधूपित्यासारखा मी पाटाकडे बघत होतो. दहाला सोनबा बैलगाडी रस्त्यात आडवी लावू लागले.

"अहो, बारापर्यंतची मुदत आहे ना!"

"बैल न्हाईत. ढकलायला येळ लागतो."

साडेदहाला अनंतराव धापा टाकत आले. "खाणीत तळं कुठून आलं?"

पळालो! पाट डौलात येत होता आणि आमच्याच खाणीच्या काठावर संपत होता. तिथून सोजरबाईंचं पिढीजात पाणी धबाधबा खाली. तळाशी खोदाईचं पोकलेन म्हशीसारखं गळ्यापर्यंत डुंबत होतं. मी बुटांसकट उडी मारली. का मारली, ते अजून कळलेलं नाही.

"संभाजी, ओरडायचं नाही का?" मी मुकादमावर खेकसलो.

"भिंतीवर लिवलंय की, सहाला पानी सोडने. म्हटलं, नियोजन असंल!"

"पंप लावा, उपसा!" अनंतराव किंचाळले.

"उपसून टाकू कुठं?" संभाजीनं विचारलं.

काठावरून सोनबा शांतपणे म्हणाले, "माझी हीर रिकामीच हाय."

पंप कंपनीचा, पाइप कंपनीचे. सोजरबाईंनी पुन्हा फावडं पुढं केलं. पाइपात काडीकचरा नसतो, हे मी बोललो नाही. बूट काढून, त्यातला मासा झटकून, अनवाणी, पाइपाच्या कडेनं पाण्याच्या पुढं चालत विहिरीपर्यंत गेलो. बाराला पाच कमी असताना पहिली धार पडली. सोनबांनी वाकून बघितलं, खात्री केली आणि बैलगाडी बाजूला घेतली. ढकलायला मला लावून!

खाण वाढवायचा अर्ज आदल्या वर्षी मी लिहिला होता. त्यात ‘मध्ये पाट येतो का?’ या प्रश्नापुढे मी, कोथरूडात बसून, ‘नाही’ असं लिहिलं होतं.