गल्ला वाचून दाखवणारे अण्णा

दुपारी तीन वाजता मल्लिनाथअण्णा खाणावळीचं दार अर्धं लोटायचे, बाकावर उभे राहायचे आणि त्या दिवसाचा सगळा गल्ला आपल्या चार नोकरांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. ताटं किती गेली, भाजीला किती पडले, सरपणाला किती, शेवटी 'मालकाचा पगार' सुद्धा. मग तेच आकडे स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर खडूनं लिहायचे. शुक्रवार पेठेतले बाकीचे खाणावळवाले बायकोलाही नफा कळू देत नसत, आणि हा गृहस्थ भांडी घासणाऱ्याला सांगत होता.

मी तेव्हा कचेरीत कारकून होतो, एकटाच खोली घेऊन राहायचो आणि दोन्ही वेळा अण्णांकडे जेवायचो. रविवारी मुद्दाम उशिरा जाऊन हा सोहळा पाहायचो.

त्याचे परिणाम आम्हा गिऱ्हाइकांना भोगावे लागत. मी एकदा अर्धी भाकरी ताटात टाकली, तर भाकऱ्या थापणारी रेवम्मा चुलीपासून उठून आली. "ओ सायेब, त्या भाकरीला आमाला अकरा पैसे पडत्यात. टाकायची हाय तर मागता कशाला?" 'आमाला' म्हणाली ती, 'अण्णांना' नाही. मी मुकाट्यानं भाकरी संपवली. भाजी आणणारे हुसेनभाई तर मंडईत स्वतःच्या खिशातले पैसे जात असल्यासारखे भांडत. एकदा त्यांनी भर वाचनात अण्णांनाच थांबवलं. "अण्णा, तुमी सकाळपासून चार चा पिले. फळ्यावर तीनच हाईत."

"बरोबर हाय की," म्हणत अण्णांनी चौथा चहा लिहिला.

पगारवाढ कुणी मागितली तर अण्णांचं उत्तर ठरलेलं असे, "फळ्याला इचारा." चौघं फळ्यापुढे उभे राहून वाद घालत आणि आकडा घेऊन येत. एकदा तो अण्णांच्या मनातल्यापेक्षा कमी निघाला, तेव्हा ते भयंकर चिडले. "इतकं कमी मागताना लाज वाटत न्हाय?"

शेजारचे दुकानदार समजावत, नोकरांना आकडे कळले की डोक्यावर बसतील. अण्णा म्हणत, "बसू द्या की. डोकं रिकामंच हाय."

मग दुष्काळाचं साल आलं. ज्वारी दिसेनाशी झाली, दिसली तर परवडेनाशी. आसपासच्या दोन खाणावळी बंद पडल्या. आता अण्णा कुणाला कमी करणार, या धास्तीनं चौघांचे चेहरे उतरले. रेवम्माच्या घरात तर तिचा एकटीचाच पगार येत होता. पण फळ्यावर रोज पाच-सहा रुपये नफा दिसायचा. हा माणूस जादूगार आहे, असं मला मनापासून वाटू लागलं.

एका रविवारी मी जेवत असताना रेवम्मानं परात दणकन खाली ठेवली. "अण्णा, ह्या पिठाला पेवाचा वास हाय."

पेव म्हणजे गावाकडे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. त्यातल्या ज्वारीला एक कुबट वास लागतो, तो किती ऊन दिलं तरी जात नाही. रेवम्माचा सगळा जन्म पिठात हात घालण्यात गेलेला. "फळ्यावर बाजारची ज्वारी लिवता. ही कुणाच्या घरची हाय?"

अण्णांनी जमिनीकडे बघत सगळं कबूल केलं. अक्कलकोटकडच्या आपल्या घरचं पेव उपसून ते पोती आणत होते आणि ओळखीच्या अडत्याकडून स्वस्तात मिळाली असं सांगून गेल्या सालच्या भावानं लिहीत होते. खरा भाव धरला तर खाणावळ तीन महिने तोट्यात होती.

आता सगळे अण्णांचे पाय धरतील असं मला वाटलं. पण रेवम्मा संतापली होती. "आमाला खोटं वाचून दावलं तुमी!"

हुसेनभाई हळूच म्हणाले, "खरा आकडा सांगितले असते तर आमी काय तुमाला खाल्लो असतो, अण्णा?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "तुमी दुसरीकडं काम बघितलं असतं. त्यात चूक न्हाय, पोटं हाईत तुमाला. पन बायको जाऊन नऊ वर्सं झाली. पोरबाळ न्हाय. दिवसभरात काय झालं ते सांगायला मला तुमी चौघंच हाईत. तुमी गेला तर मी कुणाम्होरं वाचू?"

इतकी वर्षं मी या माणसाच्या सचोटीचं कौतुक करत होतो. ती खरीच होती. पण घरी बोलायला कुणी नाही म्हणून हा माणूस रोज तीन वाजायची वाट बघतो, हे माझ्यासारख्या एकट्या माणसालाही कधी जाणवलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

रेवम्मानं पदराला हात पुसले, खडू उचलला आणि अण्णांच्या हातात दिला. "खरा भाव लिवा. पगार किती कमी घ्यायचा ते आमी ठरवतो. तुमी मदी बोलायचं न्हाय."

अण्णांनी जुने आकडे पुसून नवे लिहिले. मग बाकावर चढून वाचू लागले. तोट्याच्या आकड्याशी आल्यावर त्यांचा आवाज पार बसला.

"मोठ्यानं वाचा," रेवम्मा परातीपाशी बसत म्हणाली. "हितं ऐकू येत न्हाय."