धर्माभाऊचं पडवळ आणि माझा बदाम

तुमच्याच झाडाची गळलेली पानं टोपलीत भरून रोज सकाळी तुमच्याच पायरीवर आणून ओतणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्या शेजारी राहिलोय. त्याचं नाव धर्मा तांडेल. बोईसरात आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये निवडुंगाचं एक कुंपण होतं, आणि त्या कुंपणावरून आम्ही जेवढे भांडलो तेवढे सख्खे भाऊबंदही भांडत नसतील.

टोपली ओतताना तो हाक मारायचा, "ओ गिरणीवाले! तुमचा माल आला, उचलून घ्या!"

मी तेव्हा एका भातगिरणीत देखरेखीला होतो, म्हणून मी गिरणीवाला. माझं रीतसर बारसं झालेलं आहे, मला चांगलं नाव आहे, हे त्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. उपयोग शून्य. बरं, बदामाची पानं म्हणजे काही चिंचेची पानं नव्हेत. पापडाएवढं एकेक पान. पानगळीत लाल पानांचा ढीग दाराला टेकायचा, आणि आमची ही आतून म्हणायची, "आधी धर्माभावजींचं टपाल उचला, मग चहा मिळेल." घरचेच असे फितूर असल्यावर माणसानं दाद कोणाकडे मागायची?

झाड मी हौसेनं लावलेलं नव्हतं, गरजेनं लावलं होतं. घर बांधलं तेव्हा आमची ऐपत पत्र्यापर्यंतच होती. वैशाखात त्या पत्र्याखाली बसलं की आपण माणूस आहोत की भट्टीतलं कौल, असा प्रश्न पडायचा. म्हणून केळवे-माहीमला मेहुण्याच्या वाडीतून बदामाचं रोप आणलं. शिऱ्यात घालतात तो बदाम नव्हे, आपला किनाऱ्यावरचा, मोठ्या पानांचा. खड्डा खणत होतो तेव्हा धर्माभाऊ कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"याचं कालवण होतं काय?"

"नाही."

"भाजी?"

"नाही हो. सावलीसाठी लावतोय."

"सावली काय जवळ्यात घालाची हाय?" असं म्हणून तो निघून गेला. मी खड्ड्यात उभा, हातात रोप, आणि डोक्यात संताप. इतक्या शुभ कामाला इतका अपशकुन करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

धर्माभाऊ मूळचा समुद्राकाठचा, होडीवरचा. तिकडे प्रकल्प येणार म्हणून त्यांचं गाव उठलं, आणि म्हाताऱ्या आईला घेऊन तो आमच्या शेजारी राहायला आला. कामाला बांधकामावर जायचा. होडी त्यानं विकून टाकली होती, पण जाळी बरोबर आणली होती. आता बोईसरच्या कोरड्या अंगणात जाळ्यानं पकडायचं काय? तर त्यानं पडवळ पकडलं. चार बांबू रोवले, वर जाळं ताणलं, झाला मांडव. वेल जाळ्यावर चढायचा आणि पडवळं जाळ्याच्या डोळ्यांतून खाली लोंबायची.

पडवळ वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला लहानसा खडा बांधतात, हे कोणीही सांगेल. धर्माभाऊ खडा बांधत नसे. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या कडेला भोक पाडलेले दगड ओवतात, ते तो बांधायचा. पडवळ वाढून लांब होत होतं की ओढलं जाऊन, देव जाणे. एकदा मांडवाखालून जाताना त्यातला एक दगड माझ्या कपाळावर बसला. टेंगूळ आलं. त्याला दाखवायला गेलो तर म्हणतो कसा, "पडवळ तुमच्याकडं आलं होतं, का तुमी पडवळाकडं गेला होता?"

आमचा वाद दर रविवारी ठरलेला. तो कुंपणाच्या त्या बाजूला, मी या बाजूला.

"पडवळ दोन महिन्यांत ताटात येतं," तो म्हणायचा. "तुमचा बदाम काय देतो? सुरवंट!"

"बदामाखाली बसून पडवळ चिरता येतं. पडवळाखाली बसून दाखवा!"

"वेल सुकला का बी उरतं. बी रुमालाच्या गाठीला मारलं का माणूस चालला, जाईल तिकडं मांडव. तुमचं झाड गाठीला मारता येतं काय?"

"मला कुठं जायचंच नाहीये! माझं घर आहे हे!"

"असं सगळेच बोलतात," तो म्हणायचा, आणि एकदम तिथून निघून जायचा.

हे मला भारी लागायचं. वाद ऐन रंगात असताना पाठ फिरवून जाणं हा काय सभ्यपणा झाला? वर संध्याकाळी वाटीभर पडवळ-जवळा आमच्याकडे पाठवायचा. मी त्या पडवळाला नावं ठेवायचो आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो. कालवण फर्मास असायचं, ही त्यातली सर्वांत संतापजनक गोष्ट.

त्याच्या आईला आम्ही आय म्हणायचो. ती कधी अंगणात दिसायची नाही. उंबऱ्याच्या आत, अंधारात, सुकटीचं सूप मांडीवर घेऊन बसलेली असायची. आमची ही एकदा तिला म्हणाली, "आय, बाहेर वाऱ्याला बसा की." ती म्हणाली, "बसू कुठं बाय? भायेर नुसतं ऊन हाय." अंगणभर मांडव होता, पण तो पावसापुरता. उन्हाळ्यात तिथं चार बांबू उभे असायचे आणि रणरण.

बदाम मात्र धर्माभाऊच्या नाकावर टिच्चून वाढला. बघता बघता पत्र्याच्या वर गेला. आमच्या दारात सावली आली आणि मी खाट टाकून लोळू लागलो. लोळताना थोडा मोठ्यानं उसासा टाकायचो, कुंपणापलीकडे ऐकू जाईल इतका. त्यातच एका फांदीनं घोळ केला. ती कुंपण ओलांडून त्याच्या अंगणावर गेली, बरोबर मांडवाच्या जागेवर.

धर्माभाऊ कोयता घेऊनच आला.

"मिरगाच्या आत ही फांदी उतरली पायजे. वेलाला ऊन लागतं. सावलीत पडवळ धरत नाय."

"फांदीला हात लावून बघा. पंचायतीत खेचीन!"

"खेचा. पंचायतीला पन पडवळ घालीन."

"दुसरीकडे करा ना मांडव! घरामागं जागा आहे."

"माझ्या अंगणात मांडव कुठं करायचा ते तुमचा बदाम ठरवनार? एकदा दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून उठलो. आता झाडानं सांगितलं म्हणून पन उठू?"

तेव्हा रागाच्या भरात ते वाक्य माझ्या कानांवरून गेलं. मला फक्त कोयता दिसत होता. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड, आणि हा त्याचा हात तोडणार! मी ठणकावून सांगितलं, "माझ्या अंगावरून कोयता न्यावा लागेल." तो म्हणाला, "मंग आडवे पडा," आणि गेला. मला जेवण गेलं नाही. आमची ही म्हणाली, "एक फांदी देऊन टाका की." मी तिच्याशीही बोलणं सोडलं.

मिरग तोंडावर आला. एका दुपारी गिरणीतून जेवायला घरी येतो, तर लांबूनच दिसलं. फांदीला दगड! जाळ्याचे ते भोकाचे दगड, सुतळीनं एकापुढे एक बांधलेले, आणि माझी फांदी त्यांच्या भारानं वाकून त्याच्या अंगणात उतरलेली. कापली तर पंचायत होईल, म्हणून हा तिला मोडून पाडणार! सायकल तिथंच टाकली आणि निवडुंगाचे काटे खात कुंपणातून आरपार गेलो.

"अहो, लाज आहे का? झाडाला फाशी देताय?"

धर्माभाऊ बांबूंजवळ उकिडवा बसून सुतळी सोडत होता. मांडवाचे बांबू त्यानं उपटले होते. फांदीखाली चटईवर आय बसली होती, सूप मांडीवर घेऊन. उजेडात मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

"वरडू नका," ती म्हणाली. "मोडीत नाय तो. वाकवतोय."

"कशाला?"

"वर वर चालली होती, सावली माझ्यापातुर येत नव्हती."

मग तिनंच सांगितलं. गावाला त्यांच्या दाराशी उंडीचं मोठं झाड होतं, धर्माभाऊच्या आज्यानं लावलेलं. जाळी तिथंच विणायची, माणसं तिथंच बसायची. निघाले त्या दिवशी धर्माभाऊनं सगळं गाडीत चढवलं. जाळी, दगड, चुलीची माती, रुमालाच्या गाठीला पडवळाचं बी.

"उंडी तेवढी चढंना," आय म्हणाली. "तवापासून झाडाचं नाव काढलं का पेटतो."

"आय, गप," धर्माभाऊ म्हणाला. मान त्यानं वर केली नाही.

भांडायला आलेल्या माणसानं अशा वेळी काय करायचं? मी एका दगडाची सैल गाठ आवळली आणि घरी आलो. घरात ही म्हणाली, "सकाळी धर्माभावजी कोयता घेऊन बाहेर आले होते हो. बघतात तर म्हातारी आपल्या पायांनी येऊन फांदीखाली बसलेली. कोयता हातात, आणि कितीतरी वेळ तसेच उभे." मला रडू आलं. मी हिला सांगितलं, निवडुंगाचे काटे टोचलेत.

पावसात पडवळाचा मांडव घरामागं उभा राहिला. वाद संपला असं समजू नका. रविवारी तो पुन्हा कुंपणाशी येऊन सुरवंटांबद्दल मला बोल लावू लागला, फक्त मध्येच उठून जाईनासा झाला.

पुढं पानगळ आली. पहिल्या सकाळी मी तयारीनं दार उघडलं. पायरी स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ. चौथ्या-पाचव्या दिवशी मला राहवेना. कुंपणाशी जाऊन पाहतो, तर धर्माभाऊ लाल पानं गोळा करून घरामागं पडवळाच्या आळ्यात नेत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी विचारलं, पानं एवढी कुठली? त्यानं मानही वळवली नाही.

"आमच्या बदामाची," तो म्हणाला.

बदाम मी आणला, मी लावला, पाणी मी घातलं. पानं सगळी माझी. आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. आमच्या बाजूला पडलेली पानं तेवढी टोपलीत भरली आणि त्याच्या पायरीवर नेऊन ओतली.