तीस तारखेला जाणारी बाई

"अकरा मिनिटं! अकराव्या मिनिटाला राजीनामा देऊन मी केबिनच्या बाहेर! बारावं लागलं तर बघ!"

तोंडात ब्रश तसाच धरून एकेचाळीस वर्षांच्या धाकटीनं ही घोषणा केली, तेव्हा थोरल्या बहिणीनं नुसते हात जोडले. धाकटी म्हणाली अकरा, म्हणजे अकराच. ऑफिसात तिला उगीच का फूटपट्टी म्हणत?

ऑफिस होतं कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं, आणि फूटपट्टीचं काम होतं यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका तपासण्याचं. ही पुस्तिका जगात कोणी वाचत नाही, हे फूटपट्टी सोडून सगळ्यांना माहीत होतं. 'झाकण लावावे' आणि 'झाकण नीट लावावे' यांतल्या फरकावर ती अर्धा दिवस भांडायची. आणि जिंकायची!

कामावर तिचा जीव होता. जीव जायचा तो कामाच्या जागेनं. डोक्यावरची ट्यूब सहा वर्षं डबीत कोंडलेल्या माशीसारखी गुणगुणत होती. शेजारच्या टेबलावर भोंगा बसायचा. तो फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायचा की याला फोन कशाला लागतो, असं वाटावं. त्यात साहेबांना दर तासाला 'जरा उभ्याउभ्या बोलून घेऊ' अशी हुक्की यायची. घरी पोचली की फूटपट्टी डोक्यावरून पांघरूण घेऊन दोन तास पडून राहायची. थोरली दार लोटून घ्यायची आणि कपबशीचासुद्धा आवाज करायची नाही.

गेल्याच महिन्यात डॉक्टरीणबाईंनी चार बैठका घेऊन, ढीगभर प्रश्न विचारून सांगितलं, "तुम्ही ऑटिस्टिक आहात. जन्मापासून. साधा आवाजही म्हणून तुम्हाला जास्त लागतो."

"म्हणजे मी आळशी नाही? नाटकी नाही? चक्रम नाही?"

"पहिलं नाही, दुसरंही नाही," बाई म्हणाल्या. "तिसऱ्याची आमच्याकडे चाचणी नसते."

फूटपट्टी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडली. वाईट वाटलं म्हणून नव्हे. एकेचाळीस वर्षं दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून चालल्यावर कोणीतरी सांगावं, बाई, पाय तुमचे ठीक आहेत, तसं झालं तिला. उठली ती नोकरी सोडायचं ठरवूनच.

थोरलीनं सल्ला दिला, "साहेबांपुढे व्याख्यान झोडू नकोस. मोजकं बोल." हा सल्ला भोवला!

साहेब तसे सज्जन, पण आजारपणाला भयंकर भ्यायचे. कोणी शिंकलं तरी स्वतःची नाडी बघायचे.

"साहेब, मी तीस तारखेला जाणार."

"कुठे? सहलीला?"

"नाही. कायमची. डॉक्टरांनी निदान केलंय."

साहेबांची खुर्ची चाकांवरून वीतभर मागे गेली. "निदान? साधंच असेल ना काहीतरी? गोळ्या घेऊन बरं होणारं?"

"नाही. याला गोळी नाही. हे शेवटपर्यंत राहणार. त्याचं नाव..."

"नको! नाव सांगू नका! मला झोप लागणार नाही!" साहेबांनी कानांवर हात ठेवले. "घरी माहीत आहे?"

"हो. ताई म्हणाली, सुटलीस एकदाची."

"धीराच्या आहेत हो ताई!" साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी तिचं राजीनाम्याचं पाकीट न उघडताच दोन्ही हातांनी कपाळाला लावलं.

अकरा कुठली, चार मिनिटांत बाहेर! फूटपट्टी खूश. साहेब इतके हळवे असतील असं तिला वाटलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी मजलाभर झाली होती. भोंगा पाय न वाजवता आला. "कळलं मला," तो पुटपुटला. "खूप त्रास होतो का गं?"

"ट्यूबमुळे होतो. डोकं फुटायची वेळ येते."

भोंगा बूट काढून टेबलावर चढला आणि त्यानं ट्यूब उपटली! "अजून काय होतं?"

"तू फोनवर बोललास की पोटात ढवळतं."

त्या दिवसापासून भोंगा जिन्यात जाऊन फोन घेऊ लागला.

मग टाइपिस्ट बाई आल्या, रुमाल घेऊनच. "कुठे जाणार, काही अंदाज येतो का गं?"

"अजून नक्की नाही. पण इथल्यापेक्षा शांत असेल."

"आणि भीती?"

"भीती कसली? तारीख मीच ठरवलीये!"

बाईंनी रुमाल तोंडात कोंबला आणि त्या पळाल्या.

ना कोणी तिला खोटं सांगत होतं, ना ती कोणाला. तरी गैरसमज दुधासारखा उतू चालला होता. ऑफिस देवळासारखं शांत झालं. साहेबांचं उभ्याउभ्या बोलणं बंद. लोक येऊन मन मोकळं करू लागले. भोंग्यानं कबूल केलं, की फूटपट्टी हे नाव त्यानंच ठेवलं. तिनं शांतपणे माफ केलं. साहेबांनी कबूल केलं, की त्यांनी एकही पुस्तिका कधी वाचली नाही. तेही माफ. टाइपिस्ट बाईंनी कबूल केलं, की ओळ मावली नाही तर त्या 'नीट' काढून टाकतात.

"नीट काढलं? किती पुस्तिकांतून?" फूटपट्टी ताडकन उभी राहिली. मरणाच्या दारातल्या बाईत एवढी ताकद बघून टाइपिस्ट बाई टेबलामागे लपल्या.

पण गंमत अशी, की संध्याकाळी घरी गेल्यावर तिला पांघरूण लागेनासं झालं. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून थोरलीशी गप्पा मारायला लागली.

"ताई, सगळे फार समजून घेतायत गं. वाटतं, राहावं तिथंच."

"अगं, राजीनामा दिलायस ना?"

"परत घेता येतो. मी नियम वाचलाय."

इतक्या वर्षांत बहीण कामावरून हसत आलेली थोरलीनं पहिल्यांदाच पाहिली होती.

तीस तारीख उजाडली. साहेबांनी थोरलीलाही बोलावलं होतं. "शेवटच्या दिवशी तुम्ही जवळ हव्यात," असं ते फोनवर म्हणाले आणि थोरलीला तो नोकरीचा शेवटचा दिवस वाटला. ती फुलं घेऊन आली. बाकीच्यांनीही फुलंच आणली होती. सगळी पांढरी!

साहेब बोलायला उभे राहिले. "त्या आज आपल्यात आहेत. उद्या नसतील." हुंदके. "त्यांनी कधी तक्रार केली नाही."

"केली," फूटपट्टी म्हणाली. "ट्यूबबद्दल तीन अर्ज दिलेत."

साहेब गडबडले, पण सावरले. "असो! त्यांच्या आत्म्याला शांती लाभो."

फूटपट्टीनं हात वर केला. "साहेब, हे वाक्य चुकलंय. ते माणूस मेल्यावर म्हणतात."

साहेबांनी विचारलं, "मग तुम्ही... मरत नाही आहात?"

"नाही."

"कधीच?"

"तसं कसं सांगू? पण आज तरी नाही."

"मग मी दहा दिवस जिन्यात काय करत होतो?" भोंगा मूळ आवाजात गरजला. टाइपिस्ट बाईंनी ओला रुमाल रागानं पर्समध्ये कोंबला. कोणी जिवंत आहे म्हणून माणसं इतकी चिडलेली थोरलीनं आजवर पाहिली नव्हती!

"पण तुम्हीच म्हणालात, शेवटपर्यंत राहणार!" साहेब ओरडले.

"राहणारच. मी ऑटिस्टिक आहे."

साहेब पुन्हा मागे सरकले. "त्यानं जीव नाही ना जात?"

"त्यानं नाही जात. इथल्या कलकलाटानं जातो."

साहेबांना हायसं वाटलं. मन मोठं करून ते म्हणाले, "मग राहा की! राजीनामा मी अजून उघडलेलासुद्धा नाही."

फूटपट्टीच्या ओठांवर 'बरं' आलं होतं. अगदी आलं होतं! तेवढ्यात साहेब भोंग्याकडे वळले. "अरे, ती ट्यूब लावून टाक परत. काही मरत नाहीयेत त्या."

ट्यूब लागली. माशी गुणगुणायला लागली.

फूटपट्टीला राग आला नाही. आत काहीतरी खट्कन जागेवर बसलं मात्र. मरणार म्हटल्यावर जी ट्यूब एका मिनिटात निघाली, ती जगणार म्हटल्यावर एका मिनिटात परत लागली.

"नाही राहत," ती म्हणाली. "चल, ताई."

दाराशी आस्थापना विभागातल्या कारकून बाईंनी अडवलं. "जाण्याचा फॉर्म राहिला. कारणाचा रकाना साहेबांनी सांगितला तसा आधीच भरलाय."

फूटपट्टीनं वाचलं. कारण : निधन.

"हे चूक आहे. बदला."

"बदलायचं तर नवा अर्ज, तीन सह्या आणि सगळ्यांसमोर खुलासा. उद्या दहाला यावं लागेल."

"उद्या? इथं?"

फूटपट्टीनं वर ट्यूबकडे बघितलं. जिनं आयुष्यात एक काना, एक वेलांटी चुकीची जाऊ दिली नव्हती, तिनं पेन उचललं आणि निधनाखाली झोकदार सही ठोकली!

"अगं!" थोरली किंचाळली. "मेलेली माणसं सही करतात का?"

"करावीच लागते," कारकून बाई शिक्का मारत म्हणाल्या. "नाहीतर फॉर्म परत येतो."