वांग्याच्या वावरातला बाप

किसनरावांच्या वांग्याच्या वावरात नत्थुजी भर दुपारी धाय मोकलून रडत होते, आणि किसनरावांना ते बघवत नव्हतं. नत्थुजी रडतात याचं त्यांना काही नव्हतं. चांगलं रडतात, हे खुपत होतं.

पुण्याकडची एक मूकपटाची कंपनी अकोटला उतरली होती. कंपनी म्हणजे एक कॅमेरा, पाच माणसं आणि डायरेक्टरचा भाचा. चित्रपट रहस्यमय होता. पोराच्या धक्क्याने मास्तर विहिरीत पडतो, काठावर त्याचं पागोटं उरतं, आणि पोराला वाचवायला आईबाप ते वावरात पुरतात. पोर म्हणून भाचा होता, आई म्हणून डायरेक्टरची बायको होती. बाप मात्र मुंबईहून आणणं परवडेना, म्हणून तो अकोटच्या बाजारात शोधायचं ठरलं.

त्या बाजारात किसनराव आणि नत्थुजी वीस वर्षं मांडीला मांडी लावून वांगी विकत होते. डायरेक्टरने दोघांना नीट न्याहाळलं. मग नत्थुजींना घेतलं, आणि किसनरावांचं वावर घेतलं.

"त्याच्यात काय पाह्यलं त्यानं?" किसनरावांनी बायकोला, जयवंताबाईला, त्या आठवड्यात अकराव्यांदा विचारलं.

"तोंड पाह्यलं असंन."

"अन् माह्या तोंडाले काय झालं व?"

"काई नाई. पन तुमाले रडू येते ते लोकाचं चांगलं झाल्यावर. त्याईले पोराच्या दुःखाचं पाह्यजे होतं."

तिसऱ्या दिवशी मोठा प्रवेश होता. पोलीस येणार या धास्तीने बाप पुरलेलं पागोटं पुन्हा उकरतो. सगळे लिंबाखाली जेवायला बसले, तेवढ्यात किसनरावांनी पुरलेलं पागोटं उकरून काढलं, जवळच्या टोपल्यात कोंबलं आणि वर वांगी रचली. बेत लहानसाच होता. नत्थुजी उकरतील, हाती काही लागणार नाही, आणि तोंड वासून उभे राहतील. आज बुधवार आहे, बाजाराचा दिवस आहे, आणि ते टोपलं जयवंताबाईच्या डोक्यावर जाणार आहे, हे किसनरावांना सुचलं नाही. नऊ वर्षांची शकुन, त्यांची पोरगी, सरीच्या टोकाला वांगी तोडत होती, हेही दिसलं नाही.

कॅमेरा फिरू लागला. नत्थुजींनी उकरलं. काही नाही. बाजूला उकरलं. पागोटं मिळेपर्यंत थांबायचं नाही, असं डायरेक्टरने बजावलं होतं आणि नत्थुजी आज्ञाधारक गृहस्थ. एक झाड उपटलं, मग दुसरं.

"बाप्पा, इथंच तं पुरलं होतं," ते खरोखरच रडवेले होऊन म्हणाले.

फळावर आलेली झाडं उताणी पडू लागली. "अहो, थांबवा त्याले. माहं वावर हाय ते," किसनराव म्हणाले.

"गप्प बसा," डायरेक्टर पुटपुटला. "असा बाप मी पाहिलेला नाही."

अर्धी सरी आडवी झाली तेव्हा जयवंताबाई बाजारातून परतली. चिमटीत पागोटं धरलेलं.

"टोपल्यात हे कोनं घातलं? वांग्याखालून निघालं. लोक पुसून राहिले, बाई, मास्तर कुठी हाय म्हून."

कॅमेरा थांबला. डायरेक्टरने एकेकाकडे पाहिलं. जयवंताबाईने एकाकडेच पाहिलं. किसनराव उपटलेली झाडं मोजू लागले.

"म्या घातलं," शकुन म्हणाली.

"कधी?" डायरेक्टरने विचारलं.

"तुमी जेवत होते तवा."

"कशाला?"

"भावलीच्या लग्नात मास्तर पाह्यजे होता."

डायरेक्टर तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. पोरीची पापणी हलली नव्हती. भाचा तीन दिवस कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

"ही मुलगी कोणाची?"

"माही," किसनरावांनी आठवड्यात पहिल्यांदा छाती काढली.

"आजपासून नत्थुजींची. मास्तरला आता हीच ढकलेल."

खरं सांगावं तर सगळ्या अकोटात चोर ठरणार. न सांगावं तर पोटची पोर नत्थुजींच्या गळ्यात पडणार. किसनरावांनी तोंड उघडलं. शकुनने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

चार महिन्यांनी अकोल्याच्या तंबूत चित्रपट लागला. पडद्यावर शकुन नत्थुजींना बिलगली, आणि वाचता येणाऱ्या एका गृहस्थाने पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचली, "'बाबा, तुमच्यासारखा बाप साऱ्या जगात नाही.'" सगळा तंबू हुंदके देऊ लागला. जयवंताबाईसुद्धा.

दिवे लागले. शेजारच्या माणसाने डोळे पुसत किसनरावांच्या मांडीवर बसलेल्या शकुनकडे पाहिलं.

"हे तं तेच पोट्टी हाय. तुमी कोन हिचे?"

"बाप."

माणसाने कोऱ्या पडद्याकडे पाहिलं, मग किसनरावांकडे. "बाप तं तो होता ना जी," असं म्हणून त्याने शकुनचा हात धरला. आणखी चौघं उठले. "पोट्टी कोनाची घेऊन बसला बे?" मागून कुणीतरी विचारलं. जयवंताबाई सांगत होती, पण ती अजून रडत असल्यामुळे लोकांचा संशय वाढतच गेला.

शेवटी पुढच्या रांगेतून नत्थुजींना हाका मारून आणलं. गर्दी आदराने बाजूला झाली. नत्थुजींनी शकुनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "राहू द्या तिले त्याच्यापाशी. मानूस चांगला हाय. मी वळखतो त्याले."

लोकांनी हात सोडला. किसनरावांना नत्थुजींचे आभार मानावे लागले.