विनातिकीट शोक

देवरावकाका कोणाच्याही मयतीला गेले की आधी गेलेल्या माणसाकडे पाहत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात शिरतात आणि शेगडीला हात लावून पाहतात. शेगडी गार लागली तर बाहेर येऊन डोळे पुसत बसतात. कोमट लागली तर तिथल्या तिथे निकाल देतात, "हा शोक विनातिकीट हाये!" आणि चपला घालून चालू लागतात.

काका एसटीत कंडक्टर होते. उभी नोकरी अकोला-तेल्हारा गाडीवर गेली. निवृत्तीनंतर अमरावतीत आमच्या गल्लीत दोन खोल्या बांधल्या. गळ्यातली बॅग गेली, पण तिकीट तपासायची खोड काही गेली नाही. सासरी निघालेल्या नवरीलासुद्धा ते सोडत नाहीत. "पोरीचं रडनं पक्कं हाये," असं त्यांनी एकदा भर मांडवात सांगितलं, "मावशीचं अर्धं तिकीट." ती मावशी आजतागायत त्यांच्याशी बोलत नाही.

शेगडीचं कारण असं. आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी, सोयरे पिठलं-भाकर घेऊन येतात, घरच्यांना बळेच बसवतात आणि पहिला घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो पोटात गेल्याशिवाय त्या घराचं जेवणखाण सुरू होत नाही. आता हे कोण पाळतं? लोक स्मशानातून परत येता येता मोबाइलवरून जेवण मागवतात. पण काका पाळतात, आणि दुसऱ्यांकडूनही पाळून घेतात. गावात कुठेही कोणी गेल्याचं कळलं की ओळख असो नसो, डबा घेऊन हजर. एकदा तर घाई झाली. मागच्या गल्लीतल्या वकिलांना ऑक्सिजन लावल्याचं ऐकून हे पिठलं घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. वकील ठणठणीत होऊन घरी आले. अजूनही काका दिसले की ते रस्ता बदलतात.

काकांच्या पत्नी, कमलकाकू, कोरोनात गेल्या. दवाखान्यातूनच परस्पर नेलं. मी तेव्हा या गल्लीत राहायला आलो नव्हतो. काका त्याबद्दल कधी बोलत नाहीत, आणि गल्लीही बोलत नाही.

काका बोलतात ते टीसीसाहेबांबद्दल. हॉकीत देशाच्या गोलासमोर उभं राहून सुवर्णपदक आणलेला हा माणूस परत आल्यावर काळा कोट चढवून रेल्वेत पुन्हा तिकिटं तपासायला लागला. सरकारने बंगला देऊ केला तर म्हणाला, एवढं झाडणार कोण? सारा देश त्यांना टीसीसाहेब म्हणायचा. म्हातारपणी ते एकदा तेल्हाऱ्याला बक्षीस समारंभाला आले होते. हार झाले, फोटो झाले, आणि पाहुण्याला अकोल्याच्या स्टेशनवर सोडायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. ते आपले काकांच्या गाडीत चढले, तिकीट काढलं आणि लेकरू कडेवर घेतलेल्या बाईला जागा देऊन उभे राहिले. अकोला आल्यावर काकांनी डबा उघडला. "साहेब, आपन दोघं एकाच धंद्यातले. बसा." डब्यात काकूंच्या हातची भाकर आणि ठेचा होता. साहेब पोटभर जेवले आणि म्हणाले, "भाभी से कहना, नमक बराबर है." त्यानंतर काकूंच्या भाजीला मीठ कमी पडलं तरी बोलायची कोणाची टाप नव्हती. आणि काकांच्या लेखी ज्याने घरची भाकर खाल्ली तो सोयरा.

ते टीसीसाहेब गेले. सकाळी टीव्हीवर बातमी ऐकली तशी काकांनी उकळत आलेला चहा मोरीत ओतला, गॅस बंद केला आणि गल्लीत येऊन मला हाक मारली.

"सर, आपल्या घरी मयत झाली. चूल बंद केली म्या. आता कोनाच्या घरून कडू घास येते, ते पाहतो."

आम्ही हसलो. काकांना साखरेचा आजार आहे. गोळी घेतली की वेळेवर जेवावं लागतं. म्हणून माझी बायको सुनीता म्हणाली, "काकाजी, तुमी उपाशी नका राहू बरं."

"मी उपाशी नाही सूनबाई, मी सुतकात हाओ."

दुपारपर्यंत विसरतील, असं आम्हाला वाटलं.

इकडे देशाचा शोक जोरात सुरू झाला. मी ज्या कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो, तिथे संचालकांनी सगळ्यांना उभं करून मौन पाळायला लावलं. मौन संपतं न संपतं तोच टीसीसाहेबांच्या स्मरणार्थ नव्या बॅचला फीमध्ये सवलत जाहीर केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही उभाच होतो, पण टाळी वाजवली नाही, एवढंच माझं शौर्य.

संध्याकाळी आमच्या चौकात शोकसभा झाली. महानगरपालिकेच्या निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे शोक मोठा होता. इच्छुक उमेदवार पिंटूभाऊंनी मांडवावर भलंमोठं फ्लेक्स लावलं होतं. त्यात हात जोडलेले पिंटूभाऊ मधोमध आणि टीसीसाहेब कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढे. खाली नेहमीचाच मजकूर राहून गेला होता: "शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ." एक माणूस मेला आणि आख्खं मित्रमंडळ त्याला शुभेच्छा देत उभं होतं. एका वक्त्याने साहेबांना क्रिकेटपटू केलं, दुसऱ्याने सैनिक. कोणी चूक दुरुस्त केली नाही, कारण कोणी ऐकतच नव्हतं. मांडवामागून आलूबोंड्यांचा वास येत होता आणि सगळी सभा नाकाने तिकडेच वळली होती.

काका उठून मागे गेले. कढईखालच्या भट्टीला हात लावावा लागलाच नाही, जाळ दिसत होता. तिथूनच ओरडले, "चूल पेटली बाप्पा! मयतीच्या घरी चूल पेटली!"

पिंटूभाऊ माइक सोडून धावत आले. "काकाजी, काहून बोंबलून राहिले? लोकं काय उपाशी शोक करतीन?"

"शोक कराले आले का बोंडे खाले आले? सारे विनातिकीट हायेत! एकाचं तरी पोट दुखून राहिलं का त्याच्यासाठी?"

लोक पोट धरून हसले. हातातले मोबाइल उंच झाले. कार्यकर्त्यांनी काकांना दोन्ही बाजूंनी धरून बाहेर काढलं, त्यात त्यांची एक चप्पल मांडवातच राहिली. मी ती उचलून आणून दिली. मला म्हणाले, "सर, थो मानूस आपल्या गाडीत उभा राहून आला होता हो." आणि एकटेच घराकडे गेले. मी घरी येईपर्यंत त्यांचा व्हिडिओ सुनीताच्या मोबाइलवर आला होता. त्याखाली लोकांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली होती. टीसीसाहेबांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. मला त्या रात्री माझ्या गावाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासहून आलो तर सुनीता दारातच उभी होती. "अहो, काकाजींची दुधाची पिशवी सकाळपासून कडीला तशीच लटकून हाये."

त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. काका खाटेवर पडलेले, अंगाला घाम, हात थरथरत होते. साखर आणायला मी स्वयंपाकघरात धावलो आणि का कोण जाणे, शेगडीला हात लावला. गार होती. साऱ्या देशाने झेंडे अर्ध्यावर उतरवले होते, पण गार शेगडी मला ही एकच दिसली. साखरेचा चमचा तोंडाजवळ नेला तर काकांनी ओठ घट्ट मिटले.

"काकाजी, जीव जाईन तुमचा!" मी ओरडलो.

त्यांनी मान हलवली. "पहिले कडू घास."

मी खिडकीतूनच सुनीताला हाक मारली. तिने आमच्याच ताटातली भाकर आणि पिठलं उचलून आणलं, झाकायलाही थांबली नाही. मी काकांना टेकून बसवलं आणि पहिला घास त्यांच्या तोंडात घातला. ते बराच वेळ चावत राहिले. डोळ्यांतून पाणी मिशांवर उतरलं.

"मीठ बराबर हाये, सूनबाई."

मग साखरही घेतली. हात जरा स्थिर झाले. मी ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं, आता त्यांनी आपल्या हाताने खावं म्हणून. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"हा टीसीसाहेबाचा झाला, सर. कमलचा राहिलाच हाये."

ते भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे न पाहता बोलत होते.

"तवा दार उघडं ठेवलं होतं म्या. म्हटलं, आत नाही आले तरी कोनी ओट्यावर ठेवून जाईन. सारे भेलेले होते, त्यायचंबी काय चुकलं? कोनीच नाही आलं. मंग म्याच चूल पेटवली, खिचडी टाकली, माह्याच हातानं खाल्ली. तवापासून विनातिकीट जेवून राहिलो, सर."

सुनीता तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि पुढे केला. काकांनी डोळे मिटले आणि लहान पोरासारखं तोंड उघडलं.