पाठमोरा कदम

आमचा भाडेकरू कदम गाण्याच्या कार्यक्रमाला जातो आणि स्टेजकडं पाठ करून उभा राहतो. मी म्हटलं, "अरे, एवढ्या लांब जाऊन भिंत बघतोस व्हय?" तर म्हणाला, "आबा, वाजवणाऱ्याचं तोंड बघितलं की माया येते. मग निकाल चुकतो."

मी तिसरीत शाळा सोडली. पण माणूस ओळखायला मला शाळा लागत नाही. भोसरीत माझ्या खोल्यांत किती भाडेकरू आले नि गेले, असला नमुना दुसरा नाही. परभणीकडचा गडी, पन्नाशीचा, एकटा. चाकणच्या एका कंपनीत तयार माल तपासतो. नगात केसाएवढा फरक दिसला की माघारी धाडतो.

रविवारी मात्र सगळं उलटं. थेरगावच्या सचिनचा एक रॉक बँड आहे. ती पोरं गाणं सुरू करतात नि मध्येच सोडून रानात शिरल्यासारखी सुचेल तसं वाजवत सुटतात. कधी जमतं, कधी बोंब. कदम दर रविवारी तीच गाणी ऐकायला जातो, आणि एखादं गाणं मागच्या वेळेसारखंच वाजलं तर चिडून उपाशी झोपतो. "सारखा माल कंपनीत बघतोच की!"

"मग चांगलं कशाला म्हणायचं?"

"वाट चुकले पाहिजेत, आबा. चुकून माघारी कसे येतात ते ऐकायचं."

मला पटलं नाही. मी कुस्त्या बघितलेला माणूस. पडला तो पडला.

"पडताना काय करत होता, तेबी बघावं की," कदम म्हणाला.

दुसऱ्या कुणी असं तोंड वर करून सांगितलं असतं तर खोली खाली करायला लावली असती. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून एका रविवारी त्याच्या गाडीवर मागं बसलो. वाटेत कळलं, सचिन कंटाळलाय. आज जमलं नाही तर बँड मोडणार.

चाकण रस्त्यावरच्या एका हॉटेलाचं अंगण. ऊन कललेलं. पोरं वाजवायला लागली. मला नुसता कल्ला ऐकू येत होता. कदम भिंतीकडं बघत पुटपुटत होता, "आता सचिन भ्याला... आता ड्रमवाला त्याच्यासाठी थांबलाय." मी वळून बघितलं, तर ड्रमवाला खरंच काठ्या वर धरून सचिनकडं बघत होता! असं ऐकणारा माणूस मी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

शेवटचं लांबलचक गाणं मात्र रानात शिरलं ते बाहेर येईना. एक इकडं, दुसरा तिकडं. लोक उठायला लागले. एकजण ओरडला, "ए भावा, वरातीतलं काहीतरी लाव!"

तेव्हा कदम वळला. खुर्च्यांमधून पार पुढं गेला आणि सचिनच्या तोंडासमोर उभा राहिला. मी मागनं जाऊन म्हटलं, "आता निकाल चुकंल की रं."

"चुकू द्या."

संपल्यावर सचिन वायर गुंडाळत आला. "काका, बोला."

कदमाला खोटं बोलता येत नाही. "वाईट झालं. लई वाईट."

"मग मिटलं," सचिन हसला. हसू काही खरं नव्हतं.

कदम जरा घुटमळला. ज्याच्या खोलीवर आजवर कुत्रं आलं नव्हतं, तो म्हणाला, "जेवायला चला माझ्याकडं."

सचिन आणि ड्रमवाला आले. बघतो तर खोलीत ताट एक, पेला एक. मी खालून आमची ताटं घेऊन आलो. कदम भाकरी थापत होता.

"शेवटच्या गाण्यात ड्रम थांबला, तिथनं तू वळायला नको होतं," कदम परातीकडं बघत म्हणाला. "तसाच आत जायचं. तिथं वाट होती."

"मलाबी दिसली होती, काका. भ्यालो."

"मग येत्या रविवारी जाशील का तिथनं?"

विचारलं आणि त्याचा भाकरीवरचा हात थांबला. तवा तापून धूर सोडायला लागला. तरी हात तसाच.

सचिननं ठेच्याला बोट लावलं, चाटलं. "जाऊ की," म्हणाला.

कदमानं भाकरी तव्यावर टाकली.